भरणारे आणि पाहणारे

धुळ्याहून सुरतेकडे निघालं की साक्री, दहिवेल मागे पडतं. कोंडाईबारीचा घाट उतरल्यावर नवापूर तालुका लागतो आणि थोड्याच वेळात विसरवाडी येतं. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६, आताचा ५३, गावाला लागूनच जातो. खांडबाऱ्यावरून नंदुरबारला जाणारा रस्ता इथेच फुटतो. आजूबाजूच्या पाड्यांवरच्या मावची, भिल्ल, कोकणी घरांसाठी बाजार, ग्रामीण रुग्णालय, पोलीस ठाणं, गुजरातकडे जाणारी गाडी हे सगळं विसरवाडीतच.

टीमच्या कामाचं नियोजन करायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, हा प्रश्न आपल्याकडे हिंजवडीतल्या नाहीतर बाणेरमधल्या कार्यालयांचा मानला जातो. ट्रेलो घ्यायचं की जिरा, असाना की झोहो, यावर तिथे बैठका झडतात. विसरवाडीत हा प्रश्न कोणी कोणाला विचारलेला नाही, पण त्याची उत्तरं मात्र गावात येऊन पोहोचलेली आहेत. महामार्गाचं काम एका सॉफ्टवेअरवर चालतं, अंगणवाडीचं दुसऱ्यावर, रोजगार हमीचं तिसऱ्यावर. तिन्ही निवडली गेली दिल्लीत. भारतातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी याच नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. म्हणजे डिजिटल कारभार या जिल्ह्याला नवा नाही. त्याचा अनुभव इथल्या माणसांना पुण्यातल्या कित्येक व्यवस्थापकांपेक्षा जास्त आहे, आणि म्हणूनच सॉफ्टवेअर कसं निवडावं हे इथून पाहिलं पाहिजे असं मला वाटतं.

आधी रस्ता. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणानं जून २०२० मध्ये ‘डेटा लेक’ नावाची प्रणाली सुरू केली. प्रकल्प व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर या शब्दांतच तिची घोषणा झाली होती. पत्रव्यवहार, मंजुऱ्या, कामाची प्रगती, कंत्राटदाराचे दावे, सगळं त्या पोर्टलवरून व्हायचं असं ठरलं. पुढे चालू कामांचं दर महिन्याला ड्रोननं चित्रीकरण करून तेही त्यात चढवणं सक्तीचं झालं. कल्पना चांगली आहे. फाइल कोणाच्या टेबलावर किती दिवस पडून आहे हे दिसू लागलं, तर काम हलतं.

पण या रस्त्याची हकिगत निराळी आहे. फागणे ते गुजरात सीमा या टप्प्याच्या चौपदरीकरणाचं कंत्राट आयएल अँड एफएस समूहाच्या कंपनीकडे होतं. २०१८ मध्ये तो समूहच कर्जात बुडाला आणि काम रखडलं. कामाची यादी कोणी विसरलं होतं, तारखा कोणाच्या लक्षात राहिल्या नव्हत्या, अशातला भाग नव्हता. पैसा आटला होता. सॉफ्टवेअर घेताना हे आधी तपासावं लागतं: आपलं काम नेमकं कशामुळे अडतं आहे? कोणी काय करायचं हे कळत नसेल तर फळ्यावर कामं मांडून उपयोग होतो. पैसे वेळेवर येत नसतील, निर्णय घेणारा माणूसच जागेवर नसेल, तर तीच अडचण रंगीत तक्त्यात दिसू लागते, एवढंच. आणि अर्धवट रस्त्याच्या धुळीत ज्यांचं दुकान होतं, ज्यांना रोज घाटातून ये-जा करायची होती, त्यांना काम कधी संपणार हे त्या पोर्टलमध्ये शिरून पाहता येत नव्हतं. तिथलं सगळं वर पाहणाऱ्यांसाठी आहे.

अंगणवाडीची गोष्ट जास्त खोल जाते.

एकात्मिक बालविकास योजनेत सेविकेकडे अकरा रजिस्टरं असायची. कुटुंब सर्वेक्षण, पूरक आहार, पूर्वशाळा, गरोदर माता, लसीकरण, वजनं, असं एकेक. रजिस्टरांचं ओझं होतं, त्याबद्दल सेविका वर्षानुवर्षं तक्रार करत आल्या. पण वजनाचा तक्ता पाहा. आडव्या रेषेवर बाळाचं वय महिन्यांत, उभ्या रेषेवर वजन, आणि पानभर पसरलेले हिरवा, पिवळा, नारिंगी असे पट्टे. दर महिन्याला सेविका बाळाला काट्यावर ठेवते, आकडा वाचते, त्या जागी टिंब देते आणि मागच्या टिंबाला जोडते. रेष वर चढली तर ठीक. आडवी झाली तर तिला लगेच कळतं, आणि समोर बसलेल्या आईलाही बोट ठेवून दाखवता येतं. आईला अक्षर येत नसलं तरी रेष कळते. नोंद करणं, समजणं आणि समजावणं या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर, एकाच वेळी होतात.

मार्च २०१८ मध्ये पोषण अभियान सुरू झालं आणि त्यासोबत सेविकांच्या हाती मोबाइल आले. तेव्हाचं सॉफ्टवेअर होतं ‘कॉमन ॲप्लिकेशन सॉफ्टवेअर’. ते जेमतेम अंगवळणी पडत होतं, तोच ते बंद झालं आणि १ मार्च २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ आला. नोंदी पुन्हा भरायचं काम सेविकांवर आलं. फोन जुने, दोन जीबी रॅमचे, तापायचे, अडकायचे. ॲपमध्ये इंग्रजी. नवापूर तालुक्यात मावची बोलणाऱ्या घरातून आलेल्या सेविकेची मराठी हीच शाळेत कमावलेली भाषा, तिला आता लाभार्थ्याचं नाव इंग्रजीत टाइप करायचं होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभर सेविकांनी प्रकल्प कार्यालयांत जाऊन ते फोन परत केले. ॲपच्या भाषेचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं.

त्या आंदोलनाकडे अनेकांनी ‘बायकांना तंत्रज्ञान जमत नाही’ अशा नजरेनं पाहिलं. मला ते आंदोलन म्हणजे या देशातला सॉफ्टवेअरविषयीचा एक अतिशय समंजस अभिप्राय वाटतो. ज्यांनी दिवसचे दिवस ते वापरलं होतं, त्यांनी ते चालत नाही असं सांगितलं, कारणांसह सांगितलं. एखाद्या कंपनीत नव्या सॉफ्टवेअरबद्दल इतका नेमका अभिप्राय मिळाला असता तर विकणाऱ्यानं तो डोक्यावर घेतला असता. आणि तंत्रज्ञानाची भीती म्हणाल, तर २०२० च्या टाळेबंदीत याच जिल्ह्यातल्या चिमलखेडीची अंगणवाडी सेविका नर्मदेतून स्वतः नाव वल्हवत पाड्यापाड्यावरच्या बाळांपर्यंत आहार पोचवत होती. अशा बाईला मोबाइलची भीती वाटते हे मानायला मी तयार नाही.

ॲपची दुसरी बाजूही सांगायला हवी. उंची आणि वजन भरलं की बाळ तीव्र कुपोषित आहे की मध्यम, हे ॲप स्वतः काढून देतं. तक्त्यात शोधत बसावं लागत नाही. आणि एक काम तर रजिस्टरला कधीच जमलं नसतं. या भागातली कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत, बारडोली-सुरतेकडे जातात. बाळ सोबत जातं आणि त्याचं रजिस्टर पाड्यावरच राहतं. ते बाळ तिकडे कोणाच्या यादीत नसतं. महाराष्ट्राच्या महिला व बालविकास विभागानं स्थलांतराचा माग ठेवणारी एक प्रणाली नंदुरबारसह काही जिल्ह्यांत आधी प्रयोग म्हणून राबवली, ती याच अडचणीतून. मूल जिथे जाईल तिथे त्याची नोंद जावी, हे कागदाच्या आवाक्याबाहेरचं काम आहे आणि इथे सॉफ्टवेअर खरोखर लागतं. सॉफ्टवेअर घ्यायचं ते अशा कामासाठी. जे काम वही आधीच चोख करत होती, तिथे फोन आणून काय मिळवलं हा प्रश्न उरतोच. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा ओळखण्याची सक्ती झाली. रेंज नसलेल्या पाड्यावर, कडेवर मूल घेऊन उभ्या असलेल्या आईचा चेहरा फोननं ओळखला नाही, तर आहाराचं पाकीट कोणाच्या जबाबदारीवर द्यायचं, हा पेच त्या सेविकेच्या गळ्यात पडतो.

आता रोजगार हमी. ही तर महाराष्ट्राचीच देणगी. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळात योजनेनं लाखो माणसं जगवली, १९७७ मध्ये राज्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. २ फेब्रुवारी २००६ रोजी देशात ग्रामीण रोजगार हमी सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या दोनशे जिल्ह्यांत नंदुरबार होता. २०२५ च्या डिसेंबरात संसदेनं त्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. पण हजेरीचा जो अनुभव इथे जमा झाला आहे तो कायद्याच्या नावासोबत पुसला जात नाही.

मातीकामावर मजूर चौकड्या खणतात. ठरलेल्या लांबी-रुंदीचा चौकोन, ठरलेली खोली. खणताना मधे मातीचा एक खांब तसाच सोडतात. मूळ जमीन किती उंच होती याचा तो पुरावा. मोजमाप घ्यायला आलेला तांत्रिक सहायक त्या खांबाच्या उंचीवरून खोली धरतो, वहीत लिहितो आणि मग खांब पाडतात. मोजणाऱ्याला जे दिसतं तेच खणणारीला दिसतं. मोजणाऱ्यानं एक वीत कमी लिहिली तर ती तिथल्या तिथे भांडू शकते. मस्टरचंही तसंच होतं. नावांचा कागद, दिवसांचे रकाने, सही किंवा अंगठा. वाचता येणारं कोणीतरी टोळीत असायचंच. माझा दिवस लागला का, असं विचारलं की कागद समोर यायचा. मस्टरवर बोगस नावं चढायची हे खरं आहे, आणि ती थोडीथोडकी नव्हती. म्हणून तर उपाय शोधणं भाग होतं.

उपाय म्हणून २१ मे २०२१ रोजी केंद्रानं मोबाइल हजेरीचं ॲप आणलं. २०२२ च्या मे महिन्यात वीस किंवा जास्त मजुरांच्या कामांवर ते सक्तीचं झालं, १ जानेवारी २०२३ पासून वैयक्तिक लाभाची कामं सोडून सगळीकडे. दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो काढायचा, जागेच्या अक्षांश-रेखांशासह, आणि वर पाठवायचा. इथे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला काम कसं चालतं हे ठाऊक नव्हतं. चौकडीची मजुरी मोजमापावर मिळते. एप्रिल-मेमध्ये बायका पहाटेच काम धरतात आणि ऊन चढण्याआधी चौकडी पुरी करून घरी जातात. पाणी, गुरं, लेकरं वाट पाहत असतात. दुसऱ्या फोटोनं त्यांना काम संपल्यावरही थांबायला, नाहीतर भर उन्हात परत यायला लावलं. फोटो चढला नाही तर दिवस बुडाला, खणलेली चौकडी समोर असूनही.

इतकं करून बोगस हजेरी थांबली का? केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानंच ८ जुलै २०२५ रोजी राज्यांना पत्र पाठवून कबुली दिली. भलतेच फोटो चढवले जातात, फोटोचा फोटो काढून पाठवला जातो, एकच फोटो अनेक मस्टरांना जोडला जातो, नोंदीतली बायका-पुरुषांची संख्या आणि फोटोतली संख्या जुळत नाही, दुपारचा फोटो काढलाच जात नाही. यावर सांगितलेला उपाय असा, की ग्रामपंचायत पातळीवर माणसांनी शंभर टक्के फोटो तपासावेत, तालुक्याला वीस टक्के, जिल्ह्याला दहा, राज्याला पाच. ज्या रोजगार सेवकाचं काम सॉफ्टवेअरनं हलकं करायचं होतं, त्याच्या ग्रामपंचायतीवर आता फोटो तपासण्याचं काम वाढलं.

रोजगार हमीच्या या प्रणालीचा एक गुण मोठा आहे आणि तो लपवू नये. मस्टर, मजुरी, कामाचा खर्च हे सगळं संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतं, पासवर्ड लागत नाही. महामार्गाच्या पोर्टलहून हे शंभर पटीनं बरं. पण विसरवाडीजवळच्या पाड्यावरच्या मजूर बाईनं तिथवर पोहोचायचं कसं? राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत, वर्ष, कामाचा क्रमांक, असे दरवाजे एकामागून एक उघडत जायचे, तेही बव्हंशी इंग्रजीतून. दर आठवड्याला मस्टरची छापील प्रत पंचायतीच्या भिंतीवर लावली तर हे सगळं वाचतं. बोगस नाव शोधायला टोळीतल्या बायकांच्या नजरेइतकी जलद दुसरी तपासणी नाही, कारण कामावर कोण आलं नव्हतं हे त्यांनी स्वतः पाहिलेलं असतं.

सॉफ्टवेअर कोणी निवडायचं या प्रश्नावर जगात एका देशानं फार पूर्वी धडपड केली होती. नॉर्वे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेनं क्रिस्टन न्यूगार्ड या संगणकशास्त्रज्ञाला सोबत घेतलं. हा साधा माणूस नव्हता. ओले-योहान डाल यांच्याबरोबर त्यानं ‘सिम्युला’ ही संगणकभाषा घडवली होती, आजच्या अनेक भाषांची ती पूर्वज. कारखान्यांत संगणक येत होते. कोणता कामगार काय करतो, किती वेळात करतो हे त्यातून मोजलं जाणार होतं. संघटनेनं संगणकाला विरोध केला नाही. तिनं कामगारांचे अभ्यासगट केले, आपल्या कारखान्यात हे यंत्र काय बदलेल हे त्यांनाच शोधायला लावलं. त्यातून १९७५ मध्ये कामगार महासंघ आणि मालकांची संघटना यांच्यात देशव्यापी करार झाला: नवी संगणक प्रणाली आणण्याआधी कामगारांना त्यांना कळेल अशा भाषेत माहिती द्यायची, त्यांचं म्हणणं ऐकायचं, आणि या विषयासाठी कामगारांना आपला वेगळा प्रतिनिधी निवडता येईल. १९७७ च्या कायद्यात हा हक्क आला.

कळेल अशा भाषेत, प्रणाली आणण्याआधी. १९७५ मध्ये. सेविकांनी २०२१ मध्ये याहून जास्त काही मागितलं नव्हतं.

बाजारातली सॉफ्टवेअरं मात्र या वाटेनं आलेली नाहीत. हेन्री गँट या अमेरिकी अभियंत्याचे तक्ते पहिल्या महायुद्धाच्या सुमाराचे. आडव्या पट्ट्यांनी कामाचा काळ दाखवणारे ते तक्ते आजही तसेच वापरतात. १९५७ च्या सुमारास ड्यूपाँ कंपनीत कोणतं काम लांबलं तर सगळं लांबेल हे काढायची रीत बसवली गेली. ‘मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट’ १९८४ चं. ‘जिरा’ २००२ चं, प्रोग्रामरांनी चुकांची यादी ठेवायला केलेलं. ‘बेसकॅम्प’ २००४ चं, ‘ट्रेलो’ २०११ चं. ट्रेलोचे रकाने आणि चिठ्ठ्या जपानी मोटार कारखान्यांतल्या कार्डांच्या पद्धतीवरून आले. प्रत्येकावर ज्या कामातून ते जन्मलं त्याचा ठसा आहे. जिरा घेऊन एखादी संस्था गावातली कामं चालवू लागली, की दर कामाला प्रोग्रामरच्या चुकीसारखा क्रमांक, प्राधान्य आणि स्थिती भरत बसते.

समजा, नवापूर भागातल्या शेतकऱ्यांच्या एखाद्या उत्पादक कंपनीला तुरीचा हंगाम सांभाळायचा आहे. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा कोणत्या गावची तूर कोणत्या पोत्यात हे सांगता येणं हा इथे पैशाचा प्रश्न आहे. सात-आठ माणसांचा चमू: काट्यावर एक, ओलावा तपासणारा एक, चाळणीवर दोघी, गाडी लावणारा, हिशोब ठेवणारी, आणि गावोगाव फिरणारे. इथे सॉफ्टवेअर निवडायला व्यवस्थापक बसला तर तो पहिल्यांदा अहवाल कसे दिसतात ते पाहील. मी म्हणेन, काट्यावरच्या माणसाला बसवा. एका हातानं पोतं धरून दुसऱ्या हाताच्या धुळकट अंगठ्यानं त्याला नोंद करता येते का? नाव मराठीत लिहून मराठीतच शोधता येतं का? रेंज गेली तर नोंद फोनमध्ये थांबून नंतर आपोआप जाते का, की हरवते? फिरून फॉर्म भरण्याच्या क्षेत्रीय कामासाठी ‘ओडीके’ आणि ‘कोबो’ ही मोफत साधनं याच अडचणीसाठी, नेटवर्कशिवाय चालावीत म्हणून बांधली गेली. ट्रेलोच्या सुबक फळ्याहून ती काट्यावर जास्त कामाला येतील. फळा लागेल तो गोदामात: माल आला, चाळला, गाडीत चढला, पैसे दिले. चार रकाने. त्यासाठी सामायिक गूगल शीटही पुरते, आणि भिंतीवरचा खडूचा फळाही.

व्हॉट्सॲपचा ग्रुप तर असतोच, आणि त्याला हसण्याचं कारण नाही. सगळ्यांच्या हातात आहे, आवाजी निरोप पाठवता येतो, शिकवावं लागत नाही. त्याची उणीव एकच, पण जबर: कोणतं काम अजून बाकी आहे हे तो सांगत नाही. सणाच्या शुभेच्छांखाली गाडीचा निरोप गाडला जातो. चमू पाच-सात जणांचा असेल आणि रोज सकाळी सगळे भेटत असतील तर ग्रुप आणि वही यांच्यापलीकडे काही घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. माणसं दोन-तीन गावांत विखुरली, की मग फळा हवा.

किमतीचंही नीट पाहावं. यातली बहुतेक सॉफ्टवेअरं माणशी दरमहा पैसे आकारतात. त्यामुळे हिशोबनिसाला आणि व्यवस्थापकाला खातं मिळतं आणि चाळणीवरच्या दोघींना मिळत नाही, कारण त्यांच्यासाठी पैसे कशाला, असं कोणीतरी म्हणतं. मग त्यांची नोंद दुसरं कोणीतरी भरतं, अंदाजानं. ‘रेडमाइन’, ‘ओपनप्रोजेक्ट’ यांसारखी खुली सॉफ्टवेअरं माणशी पैसे मागत नाहीत, पण ती चालवायला जाणकार लागतो. तो विसरवाडीत मिळेल का, नंदुरबारहून किती दिवसांनी येईल, हाही किमतीचाच भाग.

आणि सुरुवात करण्याआधी बाहेर पडायची वाट पाहून ठेवावी. ‘वंडरलिस्ट’ हे लोकांना आवडलेलं साधन मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये विकत घेतलं आणि मे २०२० मध्ये बंद केलं. सरकारी ॲप बंद झालं तेव्हा काय झालं ते सेविकांनी भोगलंच आहे. म्हणून पहिल्याच आठवड्यात दहा-वीस खोट्या नोंदी भराव्यात, त्या साध्या तक्त्याच्या रूपात बाहेर काढून पाहाव्यात, मराठी अक्षरं शाबूत आहेत का ते तपासावं. अक्षरांचे चौकोन झाले तर ते सॉफ्टवेअर तिथेच सोडावं. बाकीचं ठीक वाटलं तर हंगामाचे पहिले पंधरा दिवस वहीही चालू ठेवावी, आणि पंधराव्या दिवशी चमूला विचारावं की यातलं काय काय त्यांना स्वतःला कामी आलं. उत्तर द्यायला चाळणीवरच्या दोघींपासून सुरुवात करावी, कारण व्यवस्थापक आधी बोलला तर त्या बोलणार नाहीत.